ताईला वाचून न दाखवलेलं पत्र

४ फेब्रुवारी

टपालपेटीत मालकांच्या मुलाचं पत्र होतं. पेटीपाशीच उभी राहून वाचलं. म्हातारे मालक मागच्या वर्षी गेले, आता मुलाला घर विकायचं आहे. पत्र अगदी सभ्य आहे. "आपण दोघी बहिणींनी बावीस वर्षं हे घर स्वतःचं समजून सांभाळलंत," असं एक वाक्य आहे आणि लगेच खालच्या ओळीत एप्रिलअखेर जागा रिकामी करून देण्याची विनंती. विनंतीच म्हटलंय, पण तारीख घालून.

तीन मजले चढून वर आले. लिफ्ट डिसेंबरपासून बंद आहे. दार उघडलं तर ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मी चपला काढतेय तोवर म्हणाली, "टपाल आलं का गं आज?"

"नाही," मी म्हटलं.

पत्र पर्समध्येच आहे. दुसरी जागा हातात येईपर्यंत तिला सांगायचं नाही असं ठरवलंय. ताईची नजर जाऊन अकरा वर्षं झाली. हे घर तिला हातांनी पाठ आहे. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं, मग उजव्या हाताला ओट्याची कड, मोरीचा उंबरा कुठे चिरलाय तेसुद्धा. या घरात ती आंधळी नाही. इथून हलवलं की होईल.

ही वही म्हणजे हॉस्पिटलचं जुनं रजिस्टर, मागची पानं कोरी आहेत. घरात लपवायची गरज नाही. टेबलावर उघडी टाकली तरी वाचणारं कोणी नाही. हे लिहिल्यावर वाईट वाटलं. पण खोडत नाही.

७ फेब्रुवारी

ताईने आजही टपालाचं विचारलं. सलग चौथा दिवस. आम्हाला पत्र लिहिणारं आहे कोण? बावीस वर्षांत तिने कधी टपालाची चौकशी केली नव्हती. वय होत चाललंय, एकेक गोष्ट डोक्यात बसते.

१२ फेब्रुवारी

कामावरून येताना दलालाबरोबर एक जागा बघितली. तळमजला, दोन खोल्या, उजेड भरपूर. हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटं. दलाल खूश होता. म्हणाला, "बाई, अशी जागा दोन दिवस टिकत नाही."

पण गॅसचा ओटा डाव्या हाताला आहे आणि दार आत उघडतं. ताई रोज दारावर आपटेल. नाही म्हटलं.

१८ फेब्रुवारी

दुसरी जागा. चौथा मजला, पण लिफ्ट चालू. लिफ्टची बटणं सपाट काचेची आहेत, बोटाला काही लागतच नाही. ताईने काय करायचं? तिसरी जागाही तिथेच मागच्या इमारतीत होती. तिथे खोलीत आवाज घुमतो. ताई आवाजावरून अंदाज घेते, घुमणाऱ्या खोलीत ती गोंधळून जाईल.

दलाल जिना उतरताना म्हणाला, "तुम्हाला नक्की घर बघायचंय ना?"  त्याच्या घरी आंधळं माणूस नाही, त्याला काय कळणार?

आज पहिली पाळी होती, पहाटे उठले होते, त्यात हे. हात जड झालेत. भांडी तशीच ठेवलीत.

२० फेब्रुवारी



साडेतीनला घरी आले तर ताई घरात नाही. मोरीत नाही, गच्चीवर नाही. काठी जाग्यावर नाही. ती काठी दाराच्या मागे वर्षानुवर्षं नुसती टांगलेली असते. तशीच परत खाली धावले. वॉचमनला विचारलं तर तो आरामात म्हणाला, "त्या होय, मागच्या बाजूला फिरतायत."

मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ ताई काठी टेकत चालली होती आणि तळमजल्यावरची शिंपीण दोन हात अंतर ठेवून तिच्या मागे. हात धरलेला नव्हता. नुसती मागे.

मी शिंपिणीला चार शब्द सुनावले. पडली असती तर जबाबदार कोण? आमच्या घरात न विचारता लक्ष घालायचं कारण काय? ती बाई शांतपणे ऐकत उभी होती. गळ्यात मोजपट्टी होती. शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांनीच बोलावलं मला. तीन आठवडे झाले येतायत."

तीन आठवडे. म्हणजे मी कामावर असताना हे चाललंय.

वर जाताना ताई पुढे होती. एका दमात चढून गेली, मी मागे राहिले. दारात उभी राहून म्हणाली, "तू ये सावकाश, धाकटे." मी अजून दुसऱ्या मजल्यावरच होते.

२६ फेब्रुवारी

रोज बारा वाजता जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन करते. आज चाळीस मिनिटं फोन लागत नव्हता, नुसता एंगेज. चार घास पोटात गेले नाहीत. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "रिसीव्हर नीट बसला नसेल." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे हिच्या आवाजाला वचकून असायचे. रिसीव्हर नीट ठेवत नाही म्हणून हिने कितीजणांना झापलंय. आणि आता हिच्याच हातून असं होतं. म्हातारपण, दुसरं काय.

रात्रीचं जेवण उरकल्यावर मी लिहायला बसले तेव्हा म्हणाली, "आजकाल फार लिहितेस."

"तुला कसं कळलं?"

"पेनाचा आवाज येतो ना. हिशेबाचा आवाज वेगळा असतो. हा सलग येतो."

२ मार्च

शेवटचा उपाय म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. याच आवारात दुसरी कुठली जागा भाड्याने असेल तर ताईला निदान जिना, आवाज, वास ओळखीचे राहतील. चार इमारती आहेत, एवढ्यात एक घर मिळू नये?

ऑफिसमध्ये ते लिफ्टवाल्याशी फोनवर भांडत होते. फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "बोला. नवीन आलात का?"

"सी इमारत, तिसरा मजला. बावीस वर्षं झाली," मी म्हटलं.

"अस्सं," ते म्हणाले. मग कपाटातलं रजिस्टर काढलं. आमच्या घरापुढे मालकांचं नाव होतं. "तुमचं नाव यात नाही. ही सभासदांची यादी आहे, भाडेकरूंची आमच्याकडे नसते. ते तुमचं-तुमचं."

माणूस वाईट नाही. जाताना पाणी हवं का विचारलं. मी या सोसायटीचे सात सेक्रेटरी बघितले. एकेकाची कारकीर्द सांगू शकेन. कोणी झाडं लावली, कोणी तोडली, कोणी गच्चीला कुलूप घातलं. मागच्या भिंतीतून पाण्याचा पाइप कुठून कुठे जातो ते प्लंबरला मी दाखवलं होतं. आणि रजिस्टरमध्ये आम्ही नाहीच. आमच्या दारावरची पाटीसुद्धा मालकांच्या नावाची. बावीस वर्षं ती पाटी मीच पुसतेय.

१४ मार्च

हे लिहावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या खात्याला निर्जंतुकीकरण विभाग असं लांबलचक नाव आहे, सगळे तळघर म्हणतात. ऑपरेशन झालं की हत्यारं आमच्याकडे येतात. धुवायची, तपासायची, मोजून ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात बांधायची, वर पट्टी लावून मशिनात घालायची. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की ट्रे तयार. प्रत्येक ट्रेवर बांधणाऱ्याची सही असते. सव्वीस वर्षं माझी सही म्हणजे डोळे झाकून घ्यायचं, कोणी उघडून मोजत नाही असं म्हणायचे. नवीन मुलींना मोजायला मी शिकवलं. डोळ्यांनी नाही, बोटांनी मोजायचं.

बुधवारी माझ्या ट्रेमध्ये दहाऐवजी नऊ चिमटे गेले. कागदावर दहा, खाली माझी सही.

वर ऑपरेशन संपत आलं तेव्हा मोजणी केली, एक कमी. टाके घालायचे थांबवले. टेबलाखाली, कापडांत, कचऱ्याच्या बादलीत शोधलं. पेशंटचं पोट तसंच उघडं, वीस मिनिटं. मग तिथेच एक्स-रे काढला. आत काही नव्हतं. चिमटा आमच्याच हौदाच्या तळाशी सापडला. मीच धुवायला टाकला होता.

इन्चार्ज बाईंनी दार लावून घेतलं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, पहिले दोन महिने माझ्याच हाताखाली होत्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "जेवता का तुम्ही वेळेवर?"

"जेवते."

"आणि झोप?"

"माझं काही नाही हो," मी म्हटलं. "घरी ताई असते, तिचं बघावं लागतं."

"मी ताईंचं विचारत नाहीये," त्या म्हणाल्या.

काही दिवस ट्रे बांधायचे नाहीत. कापडांच्या घड्या करायच्या. वर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायचं, नाहीतर कामावर घेणार नाही असं लिहून दिलंय. त्यांना वरिष्ठांपुढे काहीतरी कारवाई दाखवावी लागत असणार.

दुपारभर घड्या केल्या. शेजारची मुलगी माझ्याकडे न बघता काम करत होती. कोणी ओरडून बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च

ताईला यातलं काही सांगितलं नाही. तिला कशाला घोर? आधीच पत्राचं लपवलंय.

संध्याकाळी ती म्हणाली, "मला काही वाचून दाखवायचं राहिलंय का गं तुझं?"

"पेपर वाचला ना सकाळी."

"हो. पेपर वाचलास," ती म्हणाली.

२२ मार्च

सकाळी अकराला बेल वाजली. मालकांचा मुलगा. बरोबर एक नवरा-बायको, घर बघायला आलेले. फोन करून येईल असं पत्रात लिहिलं होतं. मी दारातच उभी राहिले, आत कसं घ्यावं कळेना. ताईला काय सांगणार? मी म्हणणार होते की पाइप बघायला माणसं आलीत.

तेवढ्यात आतून ताई म्हणाली, "येऊ दे त्यांना. त्यांनी काल फोन करून विचारलंय."

मुलगा आत येऊन तिच्याशी हात जोडून बोलला. "जानेवारीत आपलं बोलणं झालं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की लेखी कळवा, म्हणून पत्र पाठवलं. मिळालं ना?"

"मिळालं," ताई म्हणाली. "बहिणीने घेतलं."

ती माणसं दहा मिनिटं होती. बायकोने ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून बघितली, हळूच म्हणाली, "ही भिंत काढता येईल." मी पाण्याचे पेले घेऊन उभी होते. कोणाला द्यायचे ते विसरले.

ती गेल्यावर मी दार लावलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"जानेवारीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. फेब्रुवारीच्या चार तारखेला तू जिन्याखाली टपालपेटी उघडलीस. ती पेटी किती करकरते, खिडकीत ऐकू येतं. मग बराच वेळ काही नाही. मग वर येऊन 'नाही' म्हणालीस. मला वाटलं, आज नाही तर उद्या वाचून दाखवेल. सात आठवडे झाले."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "बस जरा."

मी बसले नाही. मी तिला तीन जागांचं सांगितलं. ओटा, दार, लिफ्टची बटणं, सगळं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पहिली जागा घ्यायची होतीस. तुझ्या कामाला जवळ होती. दार आत उघडतं हे मी एका दिवसात शिकले असते."

"तू इथून बाहेर कशी राहशील?"

"मी जागा बघितली आहे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. एक्स्चेंजमधल्या तिच्या जुन्या सुपरवायझरबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. मिस्टर गेल्यापासून एकट्या. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. ताई महिनाभर त्यांच्याशी फोनवर बोलतेय. त्यांच्या शेजारी दातांचा दवाखाना आहे, तिथले फोन घ्यायला माणूस हवंय, सकाळी दोन तास. ताईने डॉक्टरांशी बोलून ते कामसुद्धा ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून.

"एका खोलीत दोघी कशा मावणार आपण?" मी म्हटलं.

ताईने माझा आवाज आला त्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाली, "खोली एकीची आहे, धाकटे."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. अकरा वर्षं काढली, हे मी चारदा तरी म्हटलं. तुझ्यासाठी, हेही.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "लिफ्ट बंद पडायच्या आधीपासून सांगते. लिफ्टमधून उतरून दारापर्यंत यायलासुद्धा तू थांबायचीस. आता पहिल्या मजल्यावर थांबतेस, दुसऱ्यावर पायरीवर बसतेस. वर आलीस की लगेच किल्ली लावत नाहीस. धाप जाईपर्यंत बाहेर उभी राहतेस. मला ऐकू येऊ नये म्हणून. मी आत बसून ऐकते. दरवेळी वाटतं की आज किल्लीचा आवाज येणार नाही."

"थोडा दम लागतो, त्यात काय."

"आणि घरात आलीस की मला मोरीतून आणताना हात धरतेस. मला रस्ता माहीत आहे. तुला माहीत आहे की मला माहीत आहे. तरी धरतेस. मी धरू देते, तुला बरं वाटतं म्हणून. आपण दोघी एकमेकींना सांभाळत बसलोय, आणि दोघीही दमलोय."

मी आत जाऊन पडले. दुपारी तिने चहा करून आणून ठेवला. मला राग आलाय हे तिला कळावं म्हणून मी तो थंड होऊ दिला.

२३ मार्च

बोललो नाही.

२५ मार्च

बोललो नाही. ताई ट्रंकेतले कपडे काढून बाजूला करते आहे. काही शिंपिणीकडे लांबी कमी करायला दिलेत, चालताना पायात येतात म्हणून. ते सगळं फेब्रुवारीतच ठरलेलं होतं म्हणे. काम करताना गुणगुणत होती. मला वाईट वाटू नये म्हणून असणार.

२९ मार्च

डॉक्टरांना दाखवलं. रक्त फारच कमी आहे. कागद बघून त्यांनी विचारलं, "जिने कसे चढत होतात?" एका दिवसाचं नाही, दोन-तीन वर्षांचं असेल म्हणाले. इंजेक्शनं लिहून दिलीत, आणि दोन आठवडे सुट्टी. सुट्टी मी एक आठवड्याची घेतली. घरी बसून करू काय?

घरी येऊन ताईला सांगितलं. पहिल्यांदा आपणहून सांगितलं. चिमट्याचंही सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंट कसाय?"

मी सव्वीस वर्षं तिथे काम करते आणि हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. लगेच इन्चार्ज बाईंना फोन केला. पेशंट चालत घरी गेला.

९ एप्रिल

लिफ्ट सुरू झाली. आत नवी पाटी लावलीय: भाडेकरूंनी सामान लिफ्टमधून नेऊ नये. ताईला वाचून दाखवली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. आमचा उरलासुरला अबोला तिथेच संपला.

माझ्यासाठी एक खोली बघितली. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला. ती तळमजल्यावरची जागा केव्हाच गेली होती. दलालाने "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, पण तोंडावर होतं. खोलीत दोन पलंग मावतात, ते मी मोजून घेतलं. ताईला तिथे करमणार नाही. फोन घेणं, परक्या बाईचं घर, नवी मोरी. महिना, फार तर दोन महिने. परत आली तर तिला जागा असली पाहिजे.

१९ एप्रिल

ताई गेली.

मला वाटलं होतं निघताना ती घरभर फिरेल, भिंतींना हात लावेल. मी मुद्दाम बाजूला उभी राहिले होते, तिला वेळ मिळावा म्हणून. ती उठली, काठी घेतली, म्हणाली, "पाण्याची बाटली घेतलीस का?" आणि चालू लागली.

शिंपीण टॅक्सीपर्यंत आली होती. तिने ताईला शिवलेली पिशवी दिली, आतून तीन कप्पे, प्रत्येकाला वेगवेगळं बटण. ताईने उभ्या उभ्याच तिन्ही बटणं चाचपून बघितली. मग शिंपीण माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीसुद्धा या कधी, गेलात तरी." मी त्या दिवशी तिला काय काय बोलले होते. माफी मागायला हवी होती. "येईन," एवढंच म्हटलं गेलं.

सुपरवायझरबाई दारात उभ्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, करडा आवाज. त्यांनी ताईचा हात धरला नाही. "समोर दोन पायऱ्या आहेत, मग डावीकडे वळ, तुझी खोली दुसरी," एवढं सांगून त्या आत निघून गेल्या. ताई गेली त्यांच्या मागोमाग. मी बाहेर पिशव्या घेऊन उभी.

३० एप्रिल

किल्ल्या दिल्या. मुलाने घर फिरून बघितलं. कुठे काही मोडलेलं नव्हतं. तो म्हणाला, "बाबा म्हणायचे, भाडेकरू असावेत तर असे." मी धन्यवाद म्हटलं. यावर आणखी काय म्हणायचं असतं?

रिकाम्या घरात आमच्या बोलण्याचा आवाज घुमत होता.

८ मे

कामावर परत ट्रे बांधायला बसवलं. इन्चार्ज बाईंनी पहिले पाच ट्रे उघडून मोजले. मी उभी राहून बघत होते. पाचही बरोबर. "आता राहू द्या," त्या म्हणाल्या. "नको, उरलेलेही मोजत जा," मी म्हटलं. त्या हो म्हणाल्या.

घरी येऊन दुसऱ्या पलंगावर सामान ठेवलं. खोक्यांना जागाच नव्हती. तात्पुरतं.

१७ मे

रविवार. ताईकडे गेले. आधी फोन केला नव्हता. चार आठवडे झाले, एव्हाना तिला कंटाळा आलाच असेल, बोलून दाखवणार नाही, म्हणून अचानक गेलेलं बरं असं वाटलं.

दाराला कुलूप होतं. दातांच्या दवाखान्यातल्या बाईने सांगितलं की दोघी फिरायला गेल्यात, येतील इतक्यात. "तुम्ही त्यांच्या बहीण का?" म्हणाली. "आमचे पेशंट फोनवर आधी त्याच हव्यात म्हणतात. एकजण तर दात दुखत नसताना फोन करतो."

समोर झाडाखाली बाक आहे. तिथे बसले. ताई आली की काय काय विचारायचं ते मनात घोळवत होते. मोरी कशी आहे, जेवण वेळेवर मिळतं का, झोप लागते का. ऊन होतं पण सावलीत वारा बरा येत होता.

जाग आली तेव्हा ताई शेजारी बसलेली होती. काठी गुडघ्यांत, हात मांडीवर. तिची ओढणी माझ्या खांद्यांवर होती. सुपरवायझरबाईंच्या घराचं दार उघडं होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"केव्हा आलीस?" मी विचारलं.

"झाला पाऊण तास."

"उठवायचंस ना मला."

"कशाला?" ती म्हणाली. "मला कुठे जायचं होतं?"

रस्त्यावर, लोकांसमोर, बाकावर पाऊण तास. माझ्या आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही आणखी थोडा वेळ डोळे मिटून बसावंसं वाटलं. बसले.

मग चहा झाला. विचारायचं ठरवलेलं काहीच विचारलं नाही. ताईनेच माझं खाणंपिणं विचारलं, इंजेक्शनं संपली का विचारलं. निघताना दारात म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नकोस हं. आम्ही दोघी बाईंच्या भाचीकडे जाणार आहोत, दिवसभर."

"बरं," मी म्हटलं.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. निम्म्या वाटेत लक्षात आलं की पुढच्या रविवारी मला कुठेच जायचं नाही आणि कोणाचंच काही बघायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्या दिवसाचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.